बिनतर्रीचे काकाजी

आमच्या कोल्हापूरकडे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलाला कट म्हणतात. भंडारा जिल्ह्यात त्याचीच तर्री होते, आणि नुसतं नाव बदलत नाही, मानही वाढतो. पाहुण्याच्या वाटीत तर्री नसेल तर पाहुणा गावभर सांगतो, की जेवायला दिलं, पण मनापासून दिलं नाही. बँकेनं माझी बदली लाखनीला केली तेव्हा घरचे रडकुंडीला आले होते. मला मात्र पहिल्याच दिवशी हायवेवरच्या टपरीत तर्री-पोहे खाल्ल्यावर धीर आला. म्हटलं, चला, माणसं आपल्यातली दिसतात.

घरमालक तर फारच आपल्यातले निघाले. त्यांचं हायवेला लागून किराण्याचं दुकान होतं. त्यातही तेलाचं गिऱ्हाईक जास्त, म्हणून गाव त्यांना तेलवाले काकाजी म्हणायचं. मी राहायला गेले तेव्हा दुकान नुकतंच बंद झालं होतं. मुलगा हैदराबादला नोकरीला लागला होता आणि गुडघे दिवसभर उभं राहू देत नव्हते. पण अंगातला दुकानदार गेला नव्हता. शेजारच्या घरी फोडणी पडली की हे ओसरीवरून नाक वर करून सांगायचे, "जवसाचं आहे. जुनं आहे. बदलाले सांग." शेजारीण खरंच बदलायची.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या माझ्या, आणि दोन्ही वेळचं जेवण खाली काकूंकडे, असं ठरलं. काकूंच्या हातची वांग्याची भाजी मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काकाजी समोर बसून माझं तोंड निरखत होते. मी मान डोलावली तसे खूश होऊन म्हणाले, "तर्री पाह्यली का मॅडम? बिनतर्रीची भाजी म्हणजे बिनकुंकवाची पत्रिका. लग्न होते, पण कोणी येत नाई." वडा-भाताच्या दिवशी तर ते स्वतः उठायचे. भातावर वडे कुस्करले की मोहरी-हिंगाची कडकडीत फोडणी पळीनं ओतायची, हे काम ते कोणाला करू देत नसत. मी "पुरे" म्हटलं की त्यांना ऐकू येत नसे. त्या काळातले माझे फोटो पाहिले की माझ्या गालांवर काकाजींची ती पळी दिसते.

काकू मात्र कधी आमच्याबरोबर बसल्या नाहीत. आमचं झालं की मागून जेवायच्या. पातेल्यात जे उरलं असेल ते, जेवढं उरलं असेल तेवढं. काही उरलं नसेल तर पातेल्याच्या कडेची तर्री भाताला पुसून घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, काकू, आधी आपल्यापुरतं काढून ठेवत जा ना. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी त्यांना चोरी करायला सांगतेय. "आपलं आपन कोन काढते बाप्पा!" एवढंच म्हणाल्या आणि हसल्या.

या काकू मला वर काहीबाही आणून द्यायला जिना चढायच्या आणि मध्येच पायरीवर बसायच्या. विचारलं तर म्हणायच्या, वात धरला. एकदा बसल्या त्या घामानं भिजून गेल्या. काकाजी खालून बघत होते. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं एस.टी.नं नागपूरला गेलो. मी कशाला, तर डॉक्टर इंग्रजीत बोलला तर कोणीतरी पाहिजे म्हणून.

डॉक्टर चांगलं मराठीत बोलले. काकू अजून तपासणीच्या खोलीत होत्या. आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, की हृदयाच्या नळ्या अरुंद व्हायला लागल्या आहेत, रक्तातली चरबी फार वाढली आहे. आत्ता सांभाळलं तर ऑपरेशनची वेळ येणार नाही. गोळी रोजची. तेल अगदी नावापुरतं, तळलेलं बंद, पालेभाज्या, फळं, सकाळी चालणं. आणि नाही सांभाळलं तर? असं काकाजींनी विचारलं. डॉक्टरांनी जे उत्तर दिलं ते ऐकून त्या तेलवाल्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

बाहेर बाकावर बसल्यावर ते बराच वेळ चप्पल काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "ती करनारच नाई मॅडम. मागं टायफॉईड झाला तं मोसंब्या आनल्या होत्या. एक खाल्ली नाई. सारी गल्ली मोसंब्या खाऊन राहिली होती. सोतासाठी वेगळी भाजी टाकायची म्हटलं तं तिले मरन बरं वाटन."

"मग समजावून सांगा त्यांना," मी म्हटलं.

"समजते तिले सारं. करत नाई."

तेवढ्यात काकू पदर सावरत बाहेर आल्या आणि आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "काय निघालं जी?" डॉक्टरांनी सहज म्हणून काकाजींचंही बीपी मोजलं होतं. तेवढ्या एका धाग्यावर त्या माणसानं सगळा डोलारा उभा केला. छातीवर हात ठेवला, तोंड कसनुसं केलं आणि म्हणाले, "मले निघालं वं. हार्टचं." आणि मग उरल्यासुरल्या आवाजात, "तुयं ठीक आहे. थोडी कमजोरी आहे म्हने. ताकतीची गोळी देल्ली."

मी आ वासून बघत राहिले. काकू मटकन बाकावर बसल्या. पण बसल्या त्या घटकाभरच. एस.टी.त त्यांनी नवऱ्याला खिडकीजवळ बसवलं, पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि भंडाऱ्याअलीकडचं शहापूर यायच्या आत निकाल लागला होता. "आता पाहाच तुमी. माह्या घरात तेल कसं येते तेच पाहतो मी," त्या म्हणाल्या. काकाजींनी खिडकीबाहेर बघत माझ्याकडे हळूच एक डोळा मिचकावला. मला मात्र दोन काळज्या लागल्या. एक तर या खोट्याचा भार, आणि दुसरं म्हणजे रात्रीच्या जेवणाचं काय.

रात्री कोहळ्याची भाजी होती. उकडलेली. खरं सांगते, मी त्या आठवड्यात बदलीचा अर्ज करायच्या बेतात होते.

पण काकू जिद्दीच्या. नवऱ्यासाठी म्हटल्यावर त्यांच्या हाताला काय सुचेल नेम नाही. पळी गेली आणि चहाचा चमचा आला. वडे तळायचे ते वाफवले. वांगं चुलीत भाजून त्यात ओला लसूण आणि सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, भरभरून. पावसाळ्यात तरोट्याची, म्हणजे टाकळ्याची, भाजी नुसत्या लसणावर. थंडीत तलावातले शिंगाडे आले की उकडून टोपलीभर. बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा त्या अंगच्याच पाण्यात अशा शिजवायच्या, की तेल नाही हे तिसऱ्या घासाला विसरायला व्हायचं. आणि जे नवऱ्यासाठी केलं तेच मागून स्वतः खायच्या, कारण पातेल्यात तेवढंच उरायचं. काकाजींचं गणित बरोबर बसलं होतं.

फळांचं गणित आणखी अवघड होतं. काकूंना फळ कापून दुसऱ्याला देता यायचं, स्वतःच्या तोंडात घालता यायचं नाही. काकाजींनी अंगणात पपया लावल्या. पपई कापली की अर्धी खायचे आणि अर्धी तशीच ठेवून म्हणायचे, "कापलेलं शिळं फळ मले चालत नाई. डॉक्टरनं सांगतलं. फेकून दे." आता अन्न फेकायचं म्हणजे काकूंचा जीव जाणार. पुटपुटत त्या उरलेली पपई खाऊन टाकायच्या. काकाजी पेपर उलटा धरून ऐकत असायचे.

गावात मात्र त्यांचं हसं झालं. ज्यानं आयुष्यभर गावाला तेल विकलं तोच आता चारचौघांत तेलाला नावं ठेवायला लागला. त्यांची नवी सवय अशी, की टपरीवर कोणी आलुबोंडा घेतला की कागद मागून घ्यायचा आणि उन्हात धरायचा. "पाहा, मांगच्या पानावरची बातमी इकडून वाचता येऊन राहिली. हे तुह्या पोटात चाललं." ट्रकवाल्यांनाही सोडत नसत. थांबलेल्या ट्रकच्या खिडकीतून पेरू वर करायचे. ड्रायव्हर पंजाबचा असो की तमिळनाडूचा, पेरू घ्यायचा, कारण हा म्हातारा हटतच नसे. बंडीच्या खिशात नेहमी काकडी नाहीतर टमाटर. एकदा एस.टी.च्या गर्दीत खिशातलं टमाटर फुटलं आणि बंडीवर लाल डाग बघून कंडक्टरनं गाडी थांबवली होती.

मी एकदा विचारलं, काकाजी, घरातलं समजू शकते, पण गावाला का छळता? ते म्हणाले, "गावात मी तेल खाल्लं तं घरी खबर पोचते. आता तोंडच असं करून ठेवलं का मले कोनी देतच नाई."

नाटकाचं अंग त्यांना अजिबात नव्हतं. छातीत दुखल्याचं सोंग करायचे तेव्हा हात कधी डावीकडे, कधी उजवीकडे जायचा. काकू एकदा म्हणाल्या, "काल तं डाव्या बाजूले होतं जी?" काकाजी थबकले आणि म्हणाले, "फिरते ते."

दर काही महिन्यांनी नागपूरला जावं लागायचं. "माह्या तपासणीले चाललो, तूही चाल, तुयी कमजोरी पाहून घेऊ," असं म्हणून ते काकूंना न्यायचे. पहिल्या खेपेला मीही होते; काकूंना बाहेर बसवून आम्ही दोघं आधी आत गेलो आणि काकाजींनी डॉक्टरांना आपलं नाटक सांगितलं. डॉक्टरांना हा प्रकार पसंत पडला नाही. ते म्हणाले, "पेशंटला माहीत असायला हवं. त्यांनी मला स्वतःबद्दल विचारलं तर मी खरं सांगणार."

"ती विचारत नाई जी," काकाजी म्हणाले. "तुमी बिनधास्त राहा."

डॉक्टर हसले. मग काकू आत आल्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या सुरू झाल्या. "डॉक्टरसाहेब, याईची छाती कशी आहे? हे सकाळी भरभर चालतात, चालन का? पेरूची बी चालते का याईले?" डॉक्टर त्यांचं बीपी मोजत होते, रक्ताचे आकडे बघत होते, आणि दोन-तीनदा मुद्दाम थांबून म्हणाले, "आणि तुम्हाला स्वतःला काही विचारायचं आहे?" काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, "हो. याईले आंबा चालन का?" त्या दिवशी डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या कुठल्याच खेपेला काकूंनी त्यांना स्वतःबद्दल एक प्रश्न विचारला नाही.

सिहोऱ्याला काकाजींच्या भाचीचं लग्न होतं. मलाही ओढून नेलं. पंगतीत मामाचा मान मोठा. काकाजींच्या मोठ्या भाचीचे यजमान, म्हणजे त्या घरचे जावई, स्वतः बादली घेऊन आले आणि "मामाले नाई तं कोनाले?" म्हणत वरवरची तर्री भरून पळी काकाजींच्या पानावर धरली. मी बायकांच्या रांगेत काकूंच्या शेजारी होते. काकू ताडकन उठल्या. पंगत ओलांडून गेल्या आणि त्यांनी ते पानच मागं ओढलं. "याईले नोका देऊ! हार्टचं आहे! मारता का मानसाले?" सगळी पंगत बघायला लागली. कोणीतरी मागून म्हणालं, "तेलवाला बायकोच्या हुकुमात आला बाप्पा!" आणि हशा पिकला. जावयाचं तोंड एवढंसं झालं.

काकाजी मान खाली घालून वरण-भात कालवत राहिले. काकू परत येऊन बसल्या. त्यांच्या पानावरही भाजी वाढली होती. ती त्यांनी बाजूला सारली. "ते खाऊ शकत नाई अन् मी कायले खाऊ?" म्हणाल्या आणि वरण-भात खाल्ला. मी समोरच्या रांगेत पाहिलं. काकाजी आमच्याच पानाकडे बघत होते. भर पंगतीत अपमान झालेल्या माणसाचा चेहरा इतका समाधानी मी परत कधी पाहिला नाही.

त्यांना स्वतःला तर्रीची आठवण येत नसेल असं समजू नका. एकदा बँकेच्या कामानं भंडाऱ्याला जाताना मला ते हायवेवरच्या ढाब्यात दिसले. एकटेच. समोर वाटी, वाटीत रस्सा, वर बोटभर तर्री. मी पुढ्यात जाऊन उभी राहिले तर लाजले. म्हटलं, खा हो काकाजी, तुम्हाला कुठं काय झालंय? त्यांनी वाटी जवळ ओढली, वास घेतला आणि परत सरकवली.

"घरी गेल्यावर ती विचारन, काय खाल्लं," ते म्हणाले. "मले खोटं एकच झेपते मॅडम. दुसरं नाई झेपत."

त्यांनी ती वाटी मला खायला लावली. मी खाल्ली. ते माझ्या तोंडाकडे बघत बसले होते, पहिल्या दिवशीसारखे. 

पुढं माझी बदली झाली. कोल्हापूरला परत आले, लग्न झालं, संसार झाला. माझ्या स्वयंपाकघरात तेल चमच्यानं मोजतात म्हणून सासरच्यांनी सुरुवातीला फार तोंडं वाकडी केली. मी कोणाला कारण सांगितलं नाही. काकूंचा फोन यायचा. काकाजींची तब्येत चांगली, गुडघेही सुटले, जिना धावत चढतात, असं सांगायच्या. मग मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं की, "अन् मले काय धाड भरली," एवढंच स्वतःबद्दल सांगायच्या. त्यांचं जिन्यात बसणं केव्हाच बंद झालं होतं. मग हळूहळू फोनवर काकाजींचा विसराळूपणा यायला लागला. आधी चष्मा, मग गल्ली, मग मुलाचं नाव.

यंदा हिवाळ्यात मी लाखनीला गेले. काकाजी ओसरीवर उन्हात बसले होते. मला बघून उठले, हात पुसले आणि म्हणाले, "डबा आनला का? किती देऊ?"

"सध्या दुकानातच राहतात ते," काकू माझा हात धरून म्हणाल्या. "तुमी कोन, मी कोन, काही पत्ता नाई."

मी इतक्या वर्षांनी आले म्हणून काकूंनी वांग्याची भाजी केली होती. माझ्यासाठी खास, जुन्या पद्धतीनं. तर्री बघून मला त्यांचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. काकाजींसाठी वेगळ्या पातेल्यात बिनतेलाची. मी हट्ट धरला म्हणून काकूही आमच्याबरोबर जेवायला बसल्या आणि माझ्या पातेल्यातली भाजी स्वतःला घेत म्हणाल्या, "एक दिवस मीही खातो तुमच्यासंगं. मले काय होते?" मी काही बोलणार तेवढ्यात काकाजींनी आपली वाटी पुढे केली.

"हे काय वं? तर्री कुठं आहे?"

"तुमाले मना आहे ना जी. हार्टचं आहे ना तुमाले."

"मले?" काकाजींना खरंच नवल वाटलं. "मले काय धाड भरली? हार्टचं तं तुयं आहे."

काकू हसल्या. विसराळू माणसाचं बोलणं म्हणून हसल्या. पण काकाजी माझ्याकडे झुकले. दुकानात खास गिऱ्हाइकाला खास भाव सांगावा तसा आवाज खाली आणला. काकू हाताच्या अंतरावर बसल्या होत्या.

"नागपूरच्या डॉक्टरनं सांगतलं," ते मला म्हणाले. "तिच्या नळ्या बारीक होऊन राहिल्या. तिले सांगतलं नाई मी. सांगतलं तं ती सोतासाठी करत नाई. माह्या नावानं करते. तुमी नोका सांगू तिले. मालूम पडलं तं बंद करन."

काकूंच्या हातातला घास हातातच राहिला. त्या त्यांच्याकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे पाहायला लागल्या. "मॅडम, हे काय बोलून राहिले?"

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. मी सांगितलं, खरं आहे काकू. पहिल्या दिवसापासून खरं आहे. ताकतीची गोळी कशाची ते पण सांगितलं.

"अन् इतकी वर्षं मी याईले..." त्यांना पुढं बोलता येईना. "सिहोऱ्याले मी याईच्या पुढचं पान ओढलं वं. साऱ्या लोकाईसमोर. मानूस काही बोलला नाई." पदर तोंडाला लावून त्या रडल्या. मीही रडले. काकाजी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. दुकानात दोन बायका का रडतायत हे त्यांना कळत नव्हतं. पण काकूंच्या ताटातली तर्री त्यांना दिसली आणि त्यांचा चेहरा कासावीस झाला. त्यांनी हात लांब करून काकूंचं ताट आपल्याकडे ओढलं.

"हे नोको खाऊ तू," ते म्हणाले. "तुयं वेगळं काढलं का?"

काकूंनी डोळे पुसले. त्या माणसाला बायकोचं नाव आठवत नव्हतं, सालही आठवत नव्हतं. तो उत्तराची वाट बघत होता.

"काढतो जी," काकू म्हणाल्या.

त्यांनी दुसरं ताट घेतलं. बिनतेलाच्या भाजीचं पातेलं जवळ ओढलं, आणि नवऱ्याला नाही, मला नाही, आधी स्वतःला वाढून घेतलं. मग आमच्या दोघांच्या देखत, आमच्या आधी, पहिला घास खाल्ला.